आई-बाबा, फायनलचं सगळं नीट सांगतो

आई, बाबा,
दोघांनाही नमस्कार. फोनवरच सांगणार होतो पण बाबांना कानात मशीन लावूनही फोनवरचं नीट ऐकू येत नाही अन् आई मधेच फोन घेऊन जेवला का, कापूस किती निघाला हेच विचारत बसते, म्हणून आज निवांत बसून टाईप करून राहिलो. दादाच्या पोराला म्हणा, आजोबांना हळूहळू वाचून दाखव.

बातमी तर तुम्हाला कळलीच. आपल्या शाळेच्या पोरी अमरावतीला व्हॉलीबॉलच्या विभागाच्या फायनलमधे हरल्या, तिसऱ्या सेटला 13-15. दादाने "हरल्या" एवढंच सांगितलं असणार अन् ते खरं पण आहे, पण तेवढ्याने तुम्हाला काहीच कळणार नाही म्हणून हे पत्र.

आधी जूनचं बोलतो. बाबा, तेव्हा मी चुकलो होतो. दहावीचं वर्ष आहे, आता बॉल कपाटावर ठेव असं मी आपल्या पोरीला म्हटलं अन् खरंच ठेवला पण, स्टुलावर चढून. तुम्ही काही न बोलता काठीने तो खाली पाडला अन् तिच्या हातात दिला, मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही नागपूरला गेले अन् तो विषय तसाच राहिला. तो माझ्या मनात सारखा होता. मी घाबरलो होतो बाबा, पोरगी मागे पडेल, मग आपल्यासारखीच मातीत राहील, हेच डोक्यात होतं. मॅडमनी पालकांच्या मीटिंगमधे सांगितलं की खेळाडूंना दहावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण पण आहे, तेव्हा कुठे मी हो म्हटलं. तुम्ही तर काहीच न विचारता हो म्हटलं होतं.

ग्राउंड तुम्ही पाहिलं नाही अजून. शाळेमागची ती काळी माती, पावसात चपला ओढून घेणारी अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, तिच्यावर कोर्ट टिकतच नव्हतं. शेवटी गावातल्या लोकांनी मिळून चार ट्रॉल्या मुरूम आणून टाकला, पाणी मारून रोलर फिरवला अन् चुन्याच्या रेषा मारल्या, अठरा मीटर बाय नऊ. आता पाय फसत नाही पण पोरी पडल्या की गुडघे सोलून निघतात. संध्याकाळी पाचला बस निघते अन् अर्ध्या पोरी बाजूच्या गावच्या, म्हणून प्रॅक्टिस सकाळी सहाला ठेवली. जुलैपासून मी रोज आपल्या पोरीला गाडीवर नेऊन सोडत होतो. आधी सोडून लगेच परत यायचो, मग पाच मिनिटं थांबायला लागलो, मग अर्धा तास, अन् सप्टेंबरमधे तर मीच कोर्टाबाहेर गेलेले बॉल आणून देत होतो.

तुमची नात लिबेरो आहे बाबा. हे तुमच्या वेळी नव्हतं, 1998 पासून आलं. टीमपेक्षा वेगळ्या रंगाचं जर्सी घालते, मागेच खेळते, सर्व्हिस मारायची नाही, ब्लॉकला जायचं नाही, नुसतं उचलायचं. तुम्ही शूटर, नेटवरून स्मॅश मारणारे, म्हणून तुम्हाला वाटेल पोरीला मागे काऊन टाकलं, पण सगळ्यात जास्त जमिनीवर तीच असते. अन् आता पॉइंटचं पण बदललं. तुमच्या वेळी सर्व्हिस आपली असली तरच पॉइंट, 15 चा गेम, अंधार पडेपर्यंत चालायचा. आता सर्व्हिस कोणाची पण असो, रॅली जिंकली की पॉइंट, 25 चा सेट अन् शाळेच्या मॅचला तिसरा सेट 15 चा. एक चूक झाली की समोरच्याचा पॉइंट लागला. बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो.

तालुक्याला घाटंजीत तर सोपं गेलं, ते सोडून देतो. यवतमाळला नेहरू स्टेडियमवर जिल्ह्याच्या मॅच झाल्या, तेव्हा आपल्या गावचे मोजून अकरा लोक होतो, त्यात मी, दोन सर अन् उरलेले पोट्टे. समोरची टीम उंच, त्यांच्यामागे त्यांची पूर्ण शाळा ओरडत होती. आपल्या पोरी पहिला सेट हरल्या अन् आपल्या बाजूने आवाजच नाही, मी ओरडलो तर घसाच चोक झाला. तरी पुढचे दोन सेट काढले त्यांनी. परत येताना गाडीत एक पोरगी खिडकीकडे पाहत म्हणाली, "काका, त्यांचे लय लोक होते ना." कोणाची तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात, पण मला रात्रभर झोप नाही आली.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य जसंच्या तसं आपल्या शेतात वेचणाऱ्या बायकांसमोर बोललो. टोळीच्या मुकादम बाईची पोरगी टीममधे सेटर आहे, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर लावून देणारी, आई ओळखते तिला. ती काही बोलली नाही, वेचत राहिली. मग विभागाच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी काटा झाल्यावर म्हणते, "भाऊ, उद्या वेचणी बंद. आमी सगळ्या पोट्ट्यायचा गेम पाह्याले चाललो." आई, तुला तर माहीत आहे दिवस कसे आहेत, कापूस फुटून लोंबून राहिला, किलोवर मजुरी, वेचलं नाही तर त्या दिवसाचा रुपया नाही. मी म्हटलं मजुरी मी देतो. तर म्हणे, "वेचलं नाही त्याचे पैसे कायचे घेऊ?" चौदा बायका शेतातून, बाकी गावातून, मिळून साठेक माणसं झालो. बायकांना यष्टीत अर्धं तिकीट आहे ना, त्या बसने निघाल्या, पोट्टे पिकअपमधे डफडं घेऊन. भाकरी अन् ठेचा प्रत्येकीच्या पिशवीत. बाबा, कोणी तरी पोळ्याची घुंगरमाळ पण काढून आणली होती, बैलाच्या गळ्यातली.

अमरावती विभाग म्हणजे आपले पाच जिल्हे अन् अमरावती, अकोला या दोन मनपाच्या वेगळ्या टीम. पहिल्या मॅचमधे बुलडाण्याच्या पोरींना सरळ दोन सेटमधे काढलं. सेमीफायनलला थोडं अडलं पण निघाली. आवाज कसा होता म्हणता, डफडं, शिट्ट्या, अन् बायका तर पॉइंट कोणाचा हे समजायच्या आधीच ओरडायच्या, मग शेजारच्या पोट्ट्याला विचारायच्या, "आपला झाला ना बापा?" मुकादम बाई माझ्या बाजूला बसली होती. सगळे टाळ्या वाजवून राहिले अन् ही नुसती हात मांडीवर ठेवून. मी पाहिलं तर बोटांची टोकं वाळलेल्या बोंडांनी चिरून गेली होती, एका बोटाला चिंधी बांधलेली, टाळी वाजवली की कळ जात असणार. मी काही म्हटलं नाही, ती घुंगरमाळ मागून तिच्या हातात दिली. दोन्ही हातांनी छातीशी धरून हलवत होती ती, फायनल संपेपर्यंत. मी आयुष्यात कापसाचे किती काटे केले असतील पण त्या बोटांकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

फायनल आता नीट ऐका बाबा. पहिला सेट आपला, 25-19. दुसऱ्यात त्यांची सर्व्हिस जड पडली, 21-25. तिसऱ्यात आठला साइड बदलली तेव्हा आपण 8-6 ने पुढे होतो. मग त्यांनी ओढत आणलं, 13-13, मग 13-14 अन् सर्व्हिस त्यांची. आपली पोरगी मागे खोल उभी, कारण ती सर्व्हर लांबच मारत होती. बॉल आला अन् नेटच्या पट्टीला लागला. एक क्षण तिथेच थांबल्यासारखा वाटला मला, मग आपल्या बाजूला सरळ खाली. पोरीने मागून झेप घेतली, पंजा जमिनीवर पसरला अन् बॉल तिच्या हाताच्या पाठीवर पडला, उचलला पण होता तिने बाबा, उचलला होता, पण उडून खांबाकडे गेला अन् सेटर पोहोचेपर्यंत खाली. संपलं.

तुमच्या वेळी नेटला लागलेली सर्व्हिस फाउल होती, सर्व्हिस गेली असती त्यांची. आता चालते, नेटला लागून आत पडली तर खेळावंच लागतं. पंचांनी बरोबरच दिलं. तरी मला तेव्हा तुमचीच आठवण आली, तुम्ही उठून उभे राहिले असते अन् पूर्ण ग्राउंडला ऐकू जाईल असं ओरडले असते.

पोरगी तशीच पालथी पडून होती. मी उठेपर्यंत मुकादम बाई चपला काढून कोर्टात गेली पण, तिची स्वतःची पोरगी तिकडे खांबाजवळ रडत होती अन् ही आधी आपल्या पोरीजवळ बसली, गुडघ्याची माती पदराने पुसली, मग दोघींना दोन बाजूंना धरून घेऊन आली. समोरच्या पोरी नेटखालून आल्या हात मिळवायला. मी तिथेच उभा होतो, मला काही सुचत नव्हतं.

रात्री बसस्टँडवर सगळ्यांनी आलुबोंडा-रस्सा खाल्ला, घरी पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका वेचायला आल्या, मी पण त्यांच्यासोबत ओळीत लागलो, दिवसभर. आई, संध्याकाळी माझ्या बोटांचं काय झालं ते विचारू नको. तुझं ते खोबरेल तेलात मेण घालून करायचं मलम कसं करतात ते मात्र दादाकडून लिहून पाठव, चौदा जणींपुरतं करायचं आहे.

अन् बाबा, टाके सुकले की डॉक्टरांना विचारून तारीख कळवा, मी घ्यायला येतो. पोरगी रोज सकाळी अजून जाते, सिझन संपला तरी. परवा नेटची पट्टी जरा सैल करून मॅडमला म्हणत होती की मुद्दाम पट्टीवर मारा, मी उचलते. दहातले तीन उचलले. मला म्हणाली, आजोबांना पत्रात विचार, नेटवरून असा मेलेला बॉल खाली आला तर पाय आधी टाकायचा की हात.