गाय आटोपली

धोपावे, 27 मे

प्रिय बंड्या,

स.न.वि.वि. वगैरे. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आईचा गुडघा बरा आहे, माझी साखर आहे तिथेच आहे. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला पहिल्या वाक्यालाच शिव्या घालशील आणि पुढचं राहून जाईल.

तर, गाय आटोपली. काल रात्री पावणेदोनला.

कुठली गाय म्हणून विचारलंस तर मैत्री संपली.

आता शिव्यांचा भाग. ते पोकेमॉन गोल्ड गेमचं कार्ट्रिज खाडीत पडलंच नव्हतं. तरीतून उतरताना पडलं, असं मी सांगितलं. ते तेव्हा माझ्या चड्डीच्या खिशात होतं. ओहोटी होती, तू कमरेइतक्या पाण्यात उतरलास, चिखलात चाचपडत राहिलास, कालवांनी तुझा पाय फाडला, आणि मी जेटीवर उभा राहून "अजून जरा डावीकडे" असं सांगत होतो. डावीकडे! तो व्रण अजून आहे ना? मी त्याच्याकडे कधी नीट बघू शकलेलो नाही. हे मी तुला बारावीनंतर सांगणार होतो, मग तुझ्या लग्नात, मग राहिलंच.

दोष तुझाही होता हं. गेममधल्या गोल्डनरॉड शहरातल्या त्या दुकानात पाचव्या मजल्यावर एक माणूस आपला झोपाळू पोकेमॉन ड्राउझी घेऊन बदल्यात पैलवान माचॉप देत होता. मी म्हटलं, देऊन टाकू. तू म्हणालास, "आपला म्हातारा देऊन परका गडी आणायचा नाही." नाव आप्पा तूच ठेवलं होतंस, तुझ्याच आप्पांवरून, कारण दोघंही दिवसभर झोपायचे. त्यावरून आपण तीन दिवस भांडलो. कार्ट्रिज तुझ्या मामांनी दुबईहून आणलेलं, गेम सेव्ह करायला जागा एकच, आणि त्या एका जागेत आपण दोघं. म्हणून नाव 'बनबाळू', कारण इंग्रजी सातच अक्षरं मावायची. चौथ्या दिवशी मी ते लपवलं. एक-दोन दिवसांत परत द्यायचं होतं, पण तू पाण्यात उतरलास, मग कसं काढणार खिशातून?

पावसाच्या आधी मागची कौलं काढून पत्रे घालायला घेतले, तेव्हा माळ्यावर नानकटाईच्या डब्यात सापडलं. निसर्ग वादळातसुद्धा तो डबा हलला नव्हता. मुंबईहून जुना गेमबॉय कलर मागवला (किंमत विचारू नकोस, घरीही निम्मीच सांगितली आहे). मला खात्री होती की आतलं सगळं पुसलं गेलं असणार. आत बटणासारखा एक सेल असतो, त्याच्यावर सेव्ह टिकतं. गोल्डमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो लवकर बसतो. चालू केलं आणि बंड्या, 'कंटिन्यू' आलं. बनबाळू व्हिटनीच्या, त्या गायवालीच्या, जिमच्या दारात उभा. आणि बाहेर रात्र! इथेही रात्रीचे साडेदहा. म्हणजे वीस वर्षं माळ्यावर त्या डब्यात रोज दिवस उजाडत होता आणि रोज रात्र होत होती.

आप्पा तेरा लेव्हलला होते.

पहिल्यांदा मी काय केलं तेही सांगून टाकतो. आप्पांना त्या माणसाला देऊन टाकलं. माचॉप आणली, तयार केली. ती बाई असल्यामुळे मिल्टँक गायीच्या अट्रॅक्टला, म्हणजे नराला प्रेमात पाडायच्या डावाला, भीक घालत नाही, आणि गायीच्या जातीला मार तिचाच दुप्पट बसतो. जिंकलो. तेव्हा मी बरोबरच होतो! हे तुला ओरडून सांगावंसं वाटलं. मग आप्पांची जागा बघितली, तिथे लिहिलेलं 'मसल'. सेव्ह न करता बंद केलं.

सेव्ह आप्पांना देण्याच्या आधीचं होतं. परत चालू केलं तर म्हातारा आपल्या जागी. मग म्हटलं, आता यांनाच घेऊन. अठरापर्यंत नेले, कन्फ्युजन शिकले. काल रात्री व्हिटनीसमोर गेलो. तिची पहिली क्लेफेरी आपल्या दगडी धोंडूने काढली. मग गाय. आप्पांना पुढे केलं तर आप्पा पहिल्याच फटक्यात प्रेमात! या वयात. एक डाव नुसते लाजत उभे. इकडे गायीचा रोलआउट सुरू, दगडासारखं गडगडत येऊन आपटायचं, तुला आठवतंय ना तो, तीस, साठ, एकशे वीस, दर वेळी दुप्पट, पाच वेळा. दोन बसले आणि आप्पांचा जीव लाल रेषेवर आला. आणि तेवढ्यात हिप्नॉसिस लागला. गाय झोपली! रोलआउट तुटला! इतकी वर्षं आपण त्या म्हाताऱ्याला मागे ठेवून आगीच्या क्विलाव्हाला पुढे करायचो, आगीला दगड मारून घ्यायचो. झोपवणारा माणूस घरातच होता. तू बरोबर होतास, घे, लिहून दिलं.

ती जागी झाली, दूध प्यायली, अर्धी भरून आली. त्यावर आप्पांनी डिसेबल मारला. दूध बंद! आप्पांनी रतीब तोडला रे! मी एवढ्या मोठ्याने हसलो की सुमन उठून आली, तिला मी काय सांगणार?

पुढच्या दोन फटक्यांत आप्पा पडले. शेवटचा दगड धोंडूने घातला. मग व्हिटनीने जे भोकाड पसरलं ते तुला बघायला हवं होतं. बॅज देईना. मी जायला निघालो तर एक मुलगी येऊन सांगते, ती हरली की रडतेच. परत गेलो, तेव्हा दिला.

या वेळी सेव्ह केलं.

आता खरं काम. तो सेल कधीही जाईल. शृंगारतळीच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, म्हणाला सेल बदलतो, पण जुना काढला की आतलं गेलं समजा. आत वीज चालू ठेवून बदलतात म्हणे, पण त्याचा हात थरथरतो आणि माझा त्याहून जास्त. सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं यंत्रही मिळतं. पण मग ती आप्पांची झेरॉक्स. नाही बदलला तर एक दिवस चालू करीन आणि 'न्यू गेम' एवढंच येईल. रोज सकाळी ब्रश करायच्या आधी चालू करून बघतो. कार्ट्रिज तुझं आहे, तू ठरव. मी एकट्याने ठरवलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

मार्गशीर्षात मी आलो नाही, हात जोडलेलं चित्र पाठवलं फक्त. मला पडवीतली तुझ्या आप्पांची ती रिकामी खुर्ची बघायची नव्हती. रोज संध्याकाळी डोळे न उघडता विचारायचे, "काय रे, गाय आटोपली का?" आपण म्हणायचो, उद्या.

तुझ्या नव्या ऑफिसचं काय ते कळव. पिंट्याला दहावीला चांगले मार्क पडले म्हणे, शाबास सांग. वहिनींना नमस्कार.

गणपतीला नक्की ये. येताना चांगले पेन्सिल सेल आण, याला दोन लागतात आणि इथले दोन दिवसांत बसतात.

तुझा,
बाळू

ता. क. : आज सकाळीही आहेत. अठरा लेव्हल.