मंगळावर नाना पेठ नाही

पुणे, शनिवार

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र, तेही पोस्टानं, म्हणून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बुधवारी तू चिडून फोन ठेवलास आणि मला बोलताना मुद्दे सुचत नाहीत, हे तुला माहीतच आहे. लिहिताना सुचतात. अठ्ठावीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सचं लॉगबुक लिहिलं, त्याच सवयीनं लिहितो.

तू म्हणालीस की कॉलेजच्या वादसभेत 'माणसानं मंगळावर जावं' या बाजूनं बोलणार आहेस, आणि रॉकेट पुरेसं मोठं झालं की बाकीचं जमतंच. मी फक्त एवढंच विचारलं, "आणि तिथं पंप बंद पडला तर?" त्यावर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला पंपापलीकडे काही दिसतच नाही." फोन स्पीकरवर होता. तेव्हापासून आई उठता-बसता मला तेच वाक्य ऐकवते आहे.

तर आता पंपाचंच ऐक.

गुरुवारी नेहमीप्रमाणे पाणी बंद होतं. काल सकाळी खालच्या टाकीत अजून थेंबही आलेला नव्हता आणि सेक्रेटरी सवयीनं सहाला मोटर चालू करून तळजाईला फिरायला निघून गेले. पाऊण तास पंप कोरडा फिरला. मी खाली गेलो तेव्हा शाफ्टजवळ हात लावून देत नव्हता. निवल्यावर खोलला. मेकॅनिकल सीलची, म्हणजे शाफ्टच्या कडेनं पाणी गळू न देणाऱ्या भागाची, कार्बनची चकती, असेल रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, तिला केसासारखी चीर गेलेली. रबर भाजून कडक झालेलं. बाकी पंप ठणठणीत, मोटर ठणठणीत. एवढ्याशा चकतीपायी चोवीस बिऱ्हाडं बादल्या घेऊन जिन्यात.

नवा सील आणायला स्कूटर काढून नाना पेठेत पोचलो तर एक वाजून पाच मिनिटं झालेली. दुकान आता चारला उघडणार. फळीवाल्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो, दोन कटिंग झाले, आणि तिथं बसल्या बसल्या हिशेब घातला की मंगळाचं दुकान किती वेळानं उघडतं. २६ महिन्यांनी! पृथ्वी आणि मंगळ आपापल्या चालीनं सूर्याभोवती फिरतात, परवडेल इतक्या इंधनात गाठ पडेल अशी वेळ तेवढ्यानं एकदाच येते. शिवाय माल निघाल्यावर पोचायला सहा ते नऊ महिने. माणसं गेली तर परतीचा मुहूर्त येईपर्यंत त्यांनी तिथंच साधारण दीड वर्ष काढायचं. जाऊन-येऊन अडीच-तीन वर्षांचं काम. आमच्या स्टोअरवाल्यानं "आठवड्यानं येईल" म्हटलं तरी मी त्याच्या अंगावर जात असे, ते आठवून मलाच हसू आलं.

तू म्हणशील, ओढूनताणून पंप आणला. मग २०२४ चा जून आठव. अंतराळ स्थानकात लघवीपासून पिण्याचं पाणी करणारी यंत्रणा आहे. वापरलेल्या पाण्यातलं ९८ टक्के पाणी तिथं परत मिळवतात, हे खरोखर मोठं काम आहे. त्या यंत्रणेतला पंप मे महिन्याच्या शेवटी बंद पडला. लघवी डब्यांत साठवायची वेळ आली. सुनीता विल्यम्स आणि त्यांचे सहकारी निघायच्या बेतात होते, तर दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या आणि त्या जागी नवा पंप चढवला. सत्तर किलोच्या आसपासचा असेल. आठेक दिवसांसाठी गेलेली बाई पुढे २८६ दिवस राहिली, कपडे मागाहून मालवाहू यानानं गेले. सगळं निभावलं. का निभावलं? स्थानक जमिनीपासून ४०० किलोमीटरवर आहे. आपण गोव्याला याहून लांबचा रस्ता तुडवत जातो. मंगळ जवळात जवळ साडेपाच कोटी किलोमीटर, आणि सूर्याच्या पलीकडे गेला की चाळीस कोटी. तिथं बॅग उतरवून पंप चढवणारं कोणी नाही. जे लागेल ते निघतानाच बरोबर हवं, आणि काय लागेल ते निघताना कोणालाच ठाऊक नसतं. मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला विचार, बिघडेल म्हणून ज्याचे चार नग ठेवतो ते कधी बिघडत नाही.

आईनं मध्येच विचारलं, फोन तरी लागतो का तिथून? लागतो, पण निरोप एका बाजूनं जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे हिनं "जेवलीस का?" विचारायचं आणि "हो" ऐकायला कधीकधी पाऊण तास थांबायचं. शिवाय दर २६ महिन्यांतले दोनेक आठवडे सूर्य मध्ये येतो, तेव्हा तेही बंद. आई म्हणाली, मग नकोच. तिच्यापुरता विषय संपला.

पण मला त्या उशिराची खरी जाणीव झाली ती खोडदला. आठवतंय? तू पाचवीत होतीस, विज्ञान दिनाला आपण नारायणगावला उतरून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. पंचेचाळीस मीटरच्या त्या तीस तबकड्या, आणि तू विचारत होतीस की यात पाऊस साठत नाही का. तिथं त्याच्या आधीच्या ऑक्टोबरातली, म्हणजे २०१६ ची गोष्ट कळली. युरोपचं शियापारेल्ली नावाचं यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा बारीकसा आवाज आपल्या खोडदच्या तबकड्यांनी पकडला होता. त्यात मजकूर नव्हता, 'मी आहे, मी आहे' एवढंच. उतरायला मिनिटभर राहिलं असताना तो आवाज थांबला.

त्या दिवशी मंगळावरून आवाज यायला जवळजवळ दहा मिनिटं लागत होती आणि उतरायला सहा. म्हणजे खोडदला 'वातावरणात शिरलं' असं कळलं त्या क्षणी तिकडे यान आपटूनही गेलेलं होतं.

आणि कारण काय निघालं? पॅराशूट उघडल्यावर यान हेलकावलं, गिरकी मोजणाऱ्या उपकरणाचा काटा सेकंदभर टोकाला जाऊन अडकला. त्या आकड्यावरून संगणकानं उंची काढली ती जमिनीच्या खाली! झालं, 'पोचलो' समजून त्यानं पॅराशूट सोडलं, तीसेक सेकंद चालायची इंजिनं तीन सेकंदांत बंद केली, आणि पावणेचार किलोमीटरवरून यान धोंड्यासारखं खाली आलं. सेन्सर खोटं बोलला आणि कंट्रोलरनं विश्वास ठेवला. असले ब्रेकडाउन मी किती बघितलेत सांगू? फरक इतकाच की आमच्याकडे कोणीतरी धावत जाऊन लाल बटण दाबतं. मंगळावर उतरताना ते बटण दाबणारा माणूस यानातच हवा, पुण्यात किंवा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात बसून उपयोग नाही. हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे, वादसभेत वापर.

उतरण्याचं आणखी एक त्रांगडं आहे. मंगळाची हवा आपल्या एक टक्क्याहूनही विरळ. यान तापवून जाळायला पुरते, थांबवायला पुरत नाही. २०२१ मध्ये उतरवलेली पर्सिव्हरन्स गाडी साधारण एक टनाची, त्याहून जड काही आजवर तिथं धड उतरलेलं नाही. माणसांचं बिऱ्हाड उतरवायचं तर वीस टनांच्या पुढे जावं लागेल. तुझं मोठं रॉकेट इथून सुटेल गं, तिथं थांबणार कसं ते सांग.

परतीच्या इंजिनाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. आपलं मंगळयान आठव. तिसरीत तू त्याचं चित्र काढून फ्रीजवर चिकटवलं होतंस. त्याचं मोठं इंजिन वाटेत ३०० दिवस झोपलेलं होतं. मंगळाशी पोचायच्या दोन दिवस आधी, २२ सप्टेंबर २०१४ ला, चार सेकंद चालवून बघितलं. ते चाललं हे टीव्हीवर ऐकून मी ड्यूटीवर पेढे नेले होते, लोकांना वाटलं पगारवाढ झाली. चालू मशीनपेक्षा बंद ठेवलेलं मशीन लवकर दगा देतं, स्टँडबाय पंप सहा महिने फिरवला नाही तर जाम होतो. आणि इथं तर परतीचं इंजिन मंगळाच्या धुळीत, रात्रीच्या उणे ऐंशीच्या गारठ्यात महिनोन्महिने उभं राहणार, आणि पहिल्याच किल्लीला सुरू व्हायला हवं.

शरीराचं तू मला सांगितलंसच, त्यात मी भर घालत नाही. वजनरहित प्रवासात वजन पेलणारी हाडं महिन्याला एक-दीड टक्का झिजतात, म्हणून रोज दोन तास व्यायाम. किरणोत्साराचा आकडा मात्र नीट बघ. क्युरिऑसिटी गाडीनं जाताना वाटेतच मोजला, दिवसाला १.८ मिलिसीव्हर्ट. इथं जगात सरासरी माणसाला वर्षभरात निसर्गाकडून २.४ मिळतो. म्हणजे दीड दिवसाचा गणपती उठायच्या आत तिकडे वर्षाचा कोटा संपला. आणि हवेतून ऑक्सिजन बनवायचं म्हणतेस, तर पर्सिव्हरन्सवरच्या यंत्रानं सोळा वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम बनवला. यंत्र टोस्टरएवढं होतं, झकास चाललं, त्याला नावं ठेवत नाही. पण एका माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमच्या वर लागतो.

फोन ठेवायच्या आधी तू आणखी एक विचारलं होतंस, की मला जायला मिळालं तर सोडाल का. आईचं उत्तर तुला माहीत आहे. माझं असं आहे की बरोबर न्यायच्या सुट्या भागांची यादी कोणी केली ते मी आधी विचारीन. तू केली असलीस, आणि प्रत्येक सील स्वतः खोलून-बसवून बघितलं असलंस, तर स्वारगेटपर्यंत सोडायला येईन.

पार्सलमध्ये मेतकूट, भाजणी आणि आईनं विणलेला मफलर आहे (तिकडे थंडी पडत नाही हे तिला सांगून झालं). खाली कागदात गुंडाळून तो जुना सील ठेवलाय. चीर डोळ्यांना दिसणार नाही, कडेवरून नख फिरव.

पंप काल संध्याकाळी सहाला सुरू झाला. मी दोन सील आणले होते, एक बसवला आणि एक मीटरच्या पेटीवर ठेवला. सेक्रेटरी विचारतायत की एकच गेला होता, तर बिल दोनाचं कसं. रविवारच्या सभेत विषय घेणार आहेत.

तुझे,
बाबा