सुमे, अनूच्या उशीखाली काय सापडलं सांगू?

प्रिय सुमे,

इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. हे तुलाच लिहितेय, कारण दुसरं कुणी ऐकलं तर म्हणेल, पोरीला वळण नाही.

अनूच्या उशीखाली पाटीवरच्या पेन्सिली सापडल्या. अकरावीतली मुलगी! टोकं कुरतडलेली, चादरीवर पांढरा भुगा. मला तूच दिसलीस, बाईंची पाठ वळली की मागच्या बाकावरून कट्कन आवाज. माझ्या कंपासमधल्या पेन्सिली तूच खाल्ल्यास, हे आतातरी कबूल कर! तेव्हा तुला छड्या बसल्या, जंताचं औषध पाजलं. रक्त तपासायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मी अनूला थेट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून पार फिकट. नखं मधोमध खोलगट, ओठांचे कोपरे चिरलेले. जिना चढली की धाप, रात्री पाय स्वस्थ नाहीत, केस गळतायत. आई म्हणायची, मोबाईल बघत जागते म्हणून. हिमोग्लोबिन ८.१ निघालं गं, बारा तरी हवं. फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेलं लोह, फक्त ६. आधी ही साठवण संपते, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून "सगळं नॉर्मल" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पेन्सिलीची तलफसुद्धा लोह कमी पडल्यामुळेच. कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला बर्फ, कुणाला कच्चे तांदूळ. आणि पाळीत अंगावरून इतकं जातं, हे पोरगी डॉक्टरांनी विचारल्यावर बोलली. माझ्या पोटात गोळाच आला.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. शी काळी होते, पण ते गोळीमुळेच. जेवणावरचा चहा बंद केलाय, त्यानं लोह अंगी लागत नाही. ताटात लिंबू मात्र रोज. आईनं अळिवाचे लाडू केलेत, तरी गोळी चुकवायची नाही असं बजावलंय. आकडा वर आला तरी साठवण भरेपर्यंत काही महिने घ्यायच्याच आहेत.

तुझ्या बदलीचं काय झालं? सोनूला दहावीसाठी आशीर्वाद.

आणि तू गं? परवा फोनवर दोन वाक्यांत दमलीस. तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकतेस ते अजून चालू आहे ना? नाही म्हणू नकोस, दिवाळीत मी पाहिलंय. या शनिवारी सीबीसी (हिमोग्लोबिन कळतं ती रक्ततपासणी) आणि फेरिटिन दोन्ही करून घे, रिपोर्टचा फोटो पाठव. भाऊजींना मी वेगळा फोन करणारच आहे.

तुझीच,
नंदी