दोन युद्धे करून परतलेल्या शिपायाची नोंद कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महायुद्धांतील मराठी सैनिकांविषयी आपल्याकडे अधूनमधून लिहिले जाते आणि त्यात यशवंत घाडगे, नामदेव जाधव या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांचा उल्लेख हटकून येतो. तो यायलाच हवा. मात्र ज्याला कोणताही क्रॉस मिळाला नाही, ज्याने दोन्ही महायुद्धांत नोकरी केली आणि जो गावी परतून शेती करता करता वारला, अशा साध्या शिपायाचे आयुष्य शोधू पाहणाऱ्या घरांची अडचण कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र.

विचित्र वाटेल, पण रणांगणावर मेलेल्या शिपायापेक्षा जिवंत परतलेल्याचा शोध कितीतरी अवघड आहे. पहिल्या महायुद्धात 10 लाखांहून अधिक भारतीय परदेशी गेले आणि त्यांतील सुमारे 74 हजार मरण पावले. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या यादीत मृतांचे नाव, क्रमांक, पलटण आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही सापडते. तिथेही न्याय सारखा नव्हता: इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, शिपायांचे मात्र पलटणवार आकडेच लिहिले गेले, आणि या विषमतेची कबुली आयोगाने 2021 साली दिली. परतलेल्या लाखोंची तर अशी यादीच नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत इंग्रज सरकारने बसवलेली दगडी पाटी आढळते. 1914 ते 1919 च्या युद्धात या गावातून इतके लोक गेले, इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावर मजकूर. नाव एकाचेही नाही.

अशा वेळी माणसाचा माग सोडून आधी पलटणीचा माग काढावा लागतो, आणि तिथे पहिली ठेच लागते ती 1922 च्या फेररचनेची. त्या वर्षी मराठा पलटणींचे जुने क्रमांक गेले. 103 ची पहिली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी बटालियन झाली आणि सर्व मिळून पाचवी मराठा रेजिमेंट बनली. माझे पणजोबा पहिल्या युद्धात 105 मध्ये होते. घरात मात्र ते ‘काळी पाचवी’त होते एवढेच सांगितले जाई, आणि हे त्याच पलटणीचे टोपणनाव आहे हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. धागा जुळला तो चांदीच्या बिल्ल्यामुळे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. किती घरांनी असे बिल्ले सोनाराकडे देऊन मोडून टाकले असतील, याची कल्पनाच करवत नाही. पलटण कळल्यावर ती मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) आणि पुढे 1918 मध्ये पॅलेस्टाइनकडे गेली हे समजले, म्हणजे पणजोबा साधारण कोणत्या वाटेने गेले हे समजले. त्यापलीकडे फारसे हाती लागत नाही, कारण पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्यांत साहेबांची नावे येतात, शिपायांची सहसा येत नाहीत. दुसऱ्या युद्धात चाळिशी उलटलेल्या या माणसाला पुन्हा भरती करून पहाऱ्याच्या कामावर ठेवले होते. ती नोकरी कोणत्याही गाजलेल्या लढाईशी जोडलेली नसल्याने तिचा माग पहिलीपेक्षाही पुसट आहे.

हे काम अशक्य नाही, याचे उदाहरण पंजाबचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारने गाववार नोंदवह्या तयार केल्या होत्या. सुमारे 3 लाख 20 हजार शिपायांच्या त्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. 2021 पासून त्या संगणकावर आणल्या जात आहेत. त्यांत मेलेले आणि परतलेले असे दोघेही आहेत, हे विशेष.

महाराष्ट्रात निदान दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करता येईल. त्या युद्धातील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्य शासन मानधन देत आले आहे आणि त्यासाठी सेवेचा पुरावा मागितला जातो. अर्थात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या दप्तरांत हा ऐवज आजही असला पाहिजे. लाभार्थी हयात नाही म्हणून ही प्रकरणे नष्ट न करता पुराभिलेख संचालनालयाने ती ताब्यात घ्यावीत आणि गाव, क्रमांक व पलटण यांनुसार त्यांची सूची करावी. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडील जुन्या नोंदी वारसांना पाहता याव्यात यासाठीही शासनाने संरक्षण खात्याशी बोलावे. क्रमांक माहीत नसेल तर शोध घेता येत नाही हे उत्तर कार्यालयाच्या बाजूने रास्त असेल, पण क्रमांक शोधण्यासाठीच तर वारस तिथे आलेला असतो.

ज्यांच्या घरी डिस्चार्जचे पुस्तक, पेन्शनचा कागद किंवा बिल्ला आहे, त्यांनी त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत; आणि गावातल्या पाटीवर रंगाचा हात फिरवण्याआधी ग्रामपंचायतीने तिच्यावरचा मजकूर आपल्या दप्तरात उतरवून घ्यावा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)