ओपन सोर्समध्ये योगदान देण्यापूर्वी

संपादक महोदय,

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांना हल्ली सर्रास सल्ला दिला जातो की, एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा, प्रकल्पात योगदान द्या, नोकरीच्या अर्जात त्याचा उपयोग होईल. सल्ला योग्य आहे. मात्र योगदान द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगणारे कोणी भेटत नाही. एका लहानशा मुक्त प्रकल्पाची देखभाल मी काही वर्षे फावल्या वेळात करीत आलो आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या पुल रिक्वेस्टपैकी (म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशा विनंत्यांपैकी) अनेक ज्या घाईने पाठवलेल्या असतात, ती पाहून हे पत्र लिहीत आहे.

ही घाई कोठवर जाऊ शकते, हे २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये दिसले. ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यास तेव्हा टी-शर्ट देणाऱ्या या उपक्रमात, रीडमी या प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलीत एखादा शब्द घुसडण्यासारख्या निरर्थक बदलांचा असा पूर आला की, महिना सुरू होऊन काहीच दिवस झालेले असताना आयोजकांना नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून तयारी दर्शवली तेवढ्यांपुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. प्रत्येक निरर्थक बदल कोणीतरी उघडून वाचतो, नाकारतो आणि त्यात त्याची एक संध्याकाळ जाते. हा माणूस बहुधा विनावेतन काम करणारा असतो.

याच्या अगदी उलट उदाहरण मार्च २०२४ मधले आहे. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता स्वतःच्या चाचण्या करीत असताना, दूरच्या संगणकावर लॉगिन होण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते सोडून दिले नाही. शोध घेत ते एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनापर्यंत पोहोचले, तेव्हा त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट (इतरांच्या संगणकात गुपचूप शिरण्याची सोय) ठेवल्याचे उघड झाले. ती ठेवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त वाटणारे बदल पाठवून, थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास संपादन केला होता. एवढे मोठे संकट टळले ते एका वापरकर्त्याने बारकाईने पाहिले आणि पाहिलेले नीट लिहून कळवले म्हणून. मला योगदानाचा याहून चांगला नमुना ठाऊक नाही.

म्हणून नवागतांना माझे सांगणे असे की, आपण रोज वापरतो तोच प्रकल्प निवडावा आणि पहिले काही दिवस केवळ वाचनाला द्यावेत : रीडमी, योगदानाचे नियम सांगणारी फाइल, जुन्या इश्यूंवरील (नोंदवलेल्या दोषांवरील आणि सूचनांवरील) चर्चा, नाकारलेल्या पुल रिक्वेस्ट आणि त्या का नाकारल्या याची कारणे. दोष आढळला तर तो आधीच कोणी नोंदवला आहे का, हे शोधावे. नसल्यास आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने असे लिहावे की, दुसऱ्याला तोच दोष स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता येईल. दोष सुरक्षेचा असेल तर तो चारचौघांत न मांडता प्रकल्पाने सांगितलेल्या खासगी मार्गानेच कळवावा.

कोड लिहिण्याची वेळ त्यानंतर येते. रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडचा साठा) फोर्क करून, म्हणजे तिची स्वतःची प्रत घेऊन, वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) एकच दुरुस्ती करावी, ती बरोबर चालते हे तपासणारी टेस्ट सोबत द्यावी आणि बदल का केला हे कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात लिहावे. काय बदलले ते कोड सांगतोच. जाता जाता शेजारच्या दहा ओळींची मांडणी सुधारण्याचा मोह आवरावा, कारण त्यामुळे मूळ दुरुस्ती वाचणे कठीण होते. प्रकल्पाचा परवाना, म्हणजे त्याचा कोड कोणत्या अटींवर वापरता येतो ते सांगणारा दस्तऐवज, कोणता आहे, हेही पाहावे. दुसरीकडून उचललेला कोड त्या परवान्यात बसत नसेल, तर तो कितीही उत्तम असला तरी स्वीकारता येत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) तर प्रत्येक पॅचखाली (पाठवलेल्या बदलाखाली), हा बदल देण्याचा मला अधिकार आहे, अशा अर्थाची स्वाक्षरीची ओळ असावीच लागते.

रिव्ह्यूमध्ये, म्हणजे देखभालकर्ते बदल तपासतात तेव्हा, सुचवलेल्या सुधारणा हा अपमान समजू नये. उत्तरास दोन आठवडे लागले तर एकदा सौम्यपणे आठवण करून द्यावी. ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांनी दस्तऐवजातील जुनाट सूचना दुरुस्त कराव्यात किंवा आपल्या भाषेत भाषांतर करावे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस अनेक भाषांत वापरता येतात, ते मुख्यतः अशा स्वयंसेवकांमुळे.

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून असे योगदान करायला लावणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, गुण देताना पुल रिक्वेस्टची संख्या मोजू नये. एका विद्यार्थ्याने सहा महिन्यांत एकच दोष इतका नेमका नोंदवला की तो दुसऱ्या कोणीतरी तासाभरात दुरुस्त केला, तर त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.

आपला,
एक वाचक