फोनवर मी गप्प का राहिले

बर्मिंगहॅम,
रविवार, रात्री

प्रिय सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "आई, बाळंतपणाची रजा संपतेय. शाळेत परत रुजू होऊ की नोकरी सोडू? एकदाच काय ते सांग." मी बोलले नाही. तू म्हणालीस, "बाबा असते तर सांगितलं असतं," आणि फोन ठेवलास. मला ते लागलं, कारण ते खरं आहे. बाबांनी कागदावर दोन रकाने आखून तासाभरात निकाल लावला असता. पण मी गप्प राहिले ते अंग काढून घ्यायला नाही. ती सवय मला कुठून लागली हे तुला कधी नीट सांगितलंच नाही, म्हणून लिहायला बसले.

तू लहान असताना दर रविवारी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मीटिंग हाऊसला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, माझ्याबरोबर यायचीस. तुला मुलांच्या खोलीतली बिस्किटं आठवत असतील. आम्ही मोठी माणसं तेव्हा शेजारच्या खोलीत गोल खुर्च्यांवर, मधल्या टेबलावरच्या फुलांकडे बघत तासभर बसलेली असायचो. प्रवचन नाही, पूजा नाही. कुणाच्या आत काही उठलं, आणि ते आपल्या एकट्यापुरतं नाही असं वाटलं, तरच तो उभा राहून चार वाक्यं बोलायचा. शेवटी दोघांनी हात मिळवले की तास संपायचा.

मी तिथे पोचले ती गांधींमुळे. वर्ध्याची मुलगी, लग्न होऊन या थंड गावात आलेली, ओळख ना पाळख. कुणीतरी सांगितलं की गोलमेज परिषदेच्या वेळी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, बापू इथल्याच सेली ओक भागातल्या वुडब्रूकमध्ये राहून गेले होते. ते घर चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरींचं, पुढे क्वेकरांचं अभ्यासकेंद्र झालेलं. ते बघायला गेले. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शिकवणाऱ्या मार्जरी सायक्स क्वेकर होत्या हे मला वर्ध्यात राहूनही माहीत नव्हतं, ते इथे कळलं. माझा देव्हारा घरात होता तिथेच राहिला. तो उचल असं मला कुणी म्हणालं नाही.

आता सल्ल्याचं. क्वेकर पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो जॉर्ज फॉक्स १६४३ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, घर सोडून निघाला. जोडे शिवायचं काम शिकलेला पोरगा, देशात यादवी चाललेली, मनाला चैन नाही. नातेवाईक म्हणाले, लग्न कर. कुणी म्हणालं, सैन्यात जा. इथून जवळच, वॉरिकशायरमधल्या मॅनसेटरच्या म्हाताऱ्या पाद्र्याने सांगितलं की तंबाखू ओढ आणि स्तोत्रं गा. फॉक्सने लिहून ठेवलंय की तंबाखू त्याला आवडत नव्हती आणि गाण्याची त्याची मनःस्थिती नव्हती. अशी चार वर्षं गेली. बाहेरच्या सगळ्यांची आशा संपली तेव्हा त्याला आतून ऐकू आलं की तुझ्या अवस्थेशी बोलू शकेल असा एकच आहे, ख्रिस्त. क्वेकरांचं सगळं शांत बसणं तिथून आलंय. त्या पाद्र्याचा हेतू वाईट नव्हता गं. मीही तुला तंबाखूच दिली असती, फक्त आईच्या मायेने गुंडाळून.

तुझ्या लग्नात आजीने विचारलेलं आठवतं? "भटजी कुठायत?" मी म्हटलं, क्वेकरांत लग्न लावणारा कुणी नसतो. तुम्ही दोघं शांततेतून उठलात, एकमेकांचा हात धरून वचन दिलंत आणि खाली बसलात. फॉक्सने १६६९ मध्ये लिहिलंय की लग्न जुळवणं हे देवाचं काम, आम्ही कुणाचं लग्न लावत नाही, आम्ही नुसते साक्षीदार. मग त्या मोठ्या कागदावर झाडून सगळ्यांनी सह्या केल्या, तुझ्या मैत्रिणीच्या पाच वर्षांच्या मुलानेसुद्धा. आजीने देवनागरीत नाव लिहिलं, हात थरथरला आणि शिरोरेघ तिरकी होऊन शेजारच्या सहीवर गेली. पेन खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे आता मीपण जबाबदार झाले की!" इतकी वर्षं जाऊन जे मला शब्दात सांगता आलं नव्हतं ते ती एका दुपारी बोलून गेली. तुमच्या हॉलमध्ये तो कागद लावलाय. आज जरा जवळ जाऊन ती रेघ बघ.

बाबा गेले तेव्हाचं तुला सगळं माहीत नाही. अस्थी पवनारला धाम नदीत सोडून आपण परतलो आणि तू तुझ्या घरी गेलीस. मग सल्ले सुरू झाले. नागपूरचा मामा म्हणे, वर्षभर काही हलवू नकोस. शेजारच्या बाई म्हणत, भाव चांगलाय, घर विकून टाक. मला दोन्ही पटायचं. शेवटी मी मीटिंगमधल्या चौघांना घरी बोलावलं. त्याला ते क्लिअरनेस म्हणतात, मी मनात निवळणं म्हणते. पावसाळ्यात विहिरीचं पाणी हंड्यात भरून ठेवायचो तसं. हात घालून ढवळलं की पुन्हा गढूळ. नियम एवढेच, की सल्ला द्यायचा नाही, स्वतःची कहाणी सांगायची नाही, फक्त प्रश्न विचारायचे, आणि प्रश्नाच्या पोटात उत्तर लपवायचं नाही. तिथलं बोलणं तिथेच राहतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका निवृत्त नर्सबाईंनी विचारलं, "या घरात तुम्ही बसता कुठे?" मी म्हणाले, जिन्यावर, खालून तिसऱ्या पायरीवर. तिथून बाबांचे बूट आणि पुढचं दार दिसतं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की पाच महिने मी दार उघडायची वाट बघत बसले होते. कुणी "अरेरे" म्हणालं नाही. कुणी "मग विकाच" म्हणालं नाही. टिश्यूचा डबा तेवढा माझ्याकडे सरकला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या पायरीवरून उठलात तर कुठे जाल?" आणि मी विचार न करता म्हणाले, "मळ्यात." बाबांच्या त्या भाड्याच्या वाफ्यात, जिथे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

निर्णय त्या रात्री झाला नाही, पुढे तीन महिने लागले. घर राहिलं, बूट गेले, मेथी लावली. क्वेकर म्हणतात, वाट उघडते. आपण उघडतो असं ते म्हणत नाहीत, आणि त्यातला फरक मला त्या तीन महिन्यांत कळला. देव त्या वेळी कुठे होता असं विचारशील, तर माझ्यासाठी तो त्या चौघांच्या ऐकण्यात होता.

क्वेकरांच्या बेचाळीस परिच्छेदांच्या छोट्या पुस्तिकेत एक प्रश्न आहे: निवड करायची वेळ आली की तुमच्या गुणांचा देवाच्या आणि समाजाच्या सेवेसाठी सर्वांत पुरेपूर उपयोग होईल ती वाट तुम्ही घेता का? तुझ्यासाठी मी तो पुन्हा वाचला. त्यातून नोकरी निघते की घर, ते मला सांगता येणार नाही. म्हातारपणाची सोय वेळेत करा, इतरांवर भार नको, असंही त्यात आहे. ते मी केलंय. निळी फाईल, कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

तू म्हणालीस, "बाळ झाल्यापासून मी मलाच ओळखत नाही." नोकरीच्या प्रश्नाआधी तू हे वाक्य बोललीस आणि घाईने पुढे गेलीस. मी तिथेच थांबले होते, म्हणून गप्प होते.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते. येताना मेथी आणते, कोवळी आहे. पिल्लाला माझ्या मांडीवर दे आणि तासभर आपण खिडकीपाशी बसू. तू बोललीस तर ऐकेन. नाही बोललीस तरी बसेन.

तुझी,
आई