शेवट न सांगणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

शिरसाष्टांग नमस्कार.

वाचनालयातून तुम्ही निवृत्त झालात त्या सत्कारात शाल-श्रीफळ झालं, अध्यक्षांचं भाषण झालं आणि कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. ‘काकूंनी मला पुस्तकं दिली’ एवढंच मी म्हणाले आणि पुढे आवाज फुटेना. तुम्ही खुर्चीतूनच ‘राहू दे’ अशी हाताने खूण केलीत. त्या दिवशी राहून गेलेलं आज लिहितेय. घरी येऊन सांगायला लागले असते तर तुम्ही चहाचं आधण ठेवून विषय बदलला असतात, म्हणून हे सगळ्यांसमोर.

मी आठवीत होते. देवळामागची दोन खोल्यांची कौलारू इमारत, सात लोखंडी कपाटं, ‘ड’ वर्गाचं वाचनालय. मी पहिल्यांदाच एक रहस्यकथा टेबलावर ठेवली. तुम्ही ती लगेच दिली नाहीत. खणातून खोडरबर काढलंत, पानं चाळलीत. बाराव्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. तुम्ही पुस्तक माझ्याकडून वळवून धरलंत, नाव खोडलंत, फुंकर मारलीत आणि मगच देवघेव नोंदवहीत माझं नाव घातलंत. पेनने लिहिलेलं असलं की तुम्ही वर कागदाची पट्टी चिकटवायचात. “दुसऱ्याच्या वाट्याचा शेवट आपण खाऊ नये गो,” असं म्हणालात. पुस्तकाशी आणि माणसाशी कसं वागायचं ते मी त्या एका वाक्यातून शिकले. अजूनही कुणी मला एखादी कादंबरी ‘कशी आहे’ विचारलं की मी आधी ते वाक्य मनात म्हणून घेते.

त्याच वर्षी शाळेतल्या एकांनी वर्गात सांगितलं की कादंबऱ्यांनी मुली बिघडतात. मी रडत तुमच्याकडे आले. तुम्ही समजूत घातली नाहीत, नवीन पुस्तक दिलंत. पुढे समितीच्या एका बैठकीत ‘हलकं साहित्य’ काढून टाकायचा विषय निघाला, तेव्हा तुम्ही नोंदवही उघडून सभासदांसमोर ठेवलीत. बाबूराव अर्नाळकरांच्या एका पुस्तकाच्या मागे चिकटवलेला तारखांचा कागद तीनदा बदलला होता. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या गोष्टी कोण नेत होतं? मासळी सुकवणाऱ्या बायका, बंदरावरचे खलाशी, एस.टी.चे कंडक्टर. त्या माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचता वाचता कितीतरी जणांना सलग वाचायची सवय लागली, हे तुम्ही त्या दिवशी शांतपणे सांगितलंत. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. पुस्तकं राहिली. त्यांच्या शेजारच्या खणात खांडेकर आणि फडकेही राहिले. तुमच्या कपाटांत वरचा खण मानाचा आणि खालचा कमी मानाचा असं कधी नव्हतंच. खाली ठेवलेली पुस्तकं लहान मुलांच्या हाताला यावीत म्हणून खाली असायची.

रत्नागिरीला कामासाठी गेलात की अर्धा दिवस तुम्ही जिल्हा नगर वाचनालयात घालवायचात. ते 1828 सालचं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. येताना वहीत नावं उतरवून आणायचात आणि वर्षभराचं अनुदान आलं की त्यातलं जमेल तेवढं मागवायचात. त्या वहीमुळे आमच्या गावात काय काय आलं!

सोळाव्या वर्षी तुम्ही मला श्री. ना. पेंडशांचं ‘गारंबीचा बापू’ दिलंत. 1952 सालची कादंबरी. प्रेमकथा म्हणजे पुण्या-मुंबईच्या बंगल्यात, टेनिस कोर्टावर घडणारी गोष्ट, अशी माझी तोपर्यंत समजूत होती. इथे पोफळीच्या बागा होत्या, आपली माणसं होती, आपल्या शिव्या होत्या आणि दुसऱ्याची बायको असलेल्या राधेवर जीव टाकणारा बापू होता. पेंडशांचं मुर्डी आपल्यापासून काही फार लांब नाही. मी वाचून परत आणलं तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, “बापू आवडला की राधा?” मी म्हटलं, राधा. तुम्ही हसलात.

पण काकू, ज्या पुस्तकासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे ते त्याच्या अकरा वर्षांनी आलं. मी सत्तावीस वर्षांची होते, डी.फार्म. होऊन दुकान टाकलं होतं आणि घरात रोज एक स्थळ निघत होतं. चिपळूणचं एक स्थळ सगळ्यांना पसंत होतं. अट एकच होती, दुकान बंद करायचं. आई रात्री उशाशी बसून म्हणायची, “वय निघून जातं हो.” तुम्हाला हे सगळं माहीत होतं, कारण गावात सगळ्यांनाच सगळं माहीत असतं. तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलात आणि काउंटरवर जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ठेवून गेलात. सोबत शब्दकोश. सल्ला काहीच नाही.

मला दीड महिना लागला. रोज चार पानं, कधी दोन. सुरुवातीला वाटलं, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या नाचगाण्यांशी माझा काय संबंध? मग कळलं की त्या घरात पाच मुली आहेत आणि वडिलांच्या माघारी जमीन-घर सगळं कॉलिन्स नावाच्या एका दूरच्या चुलत नातेवाइकाकडे जाणार आहे, का तर तो पुरुष आहे. तिथून पुढे ते पुस्तक मी सातबारा वाचावा तसं वाचलं. त्यांची आई, बेनेटबाई, मुलींच्या लग्नांसाठी जी धडपड करतात तिला मी आधी हसले होते. पुन्हा मागे जाऊन वाचलं तेव्हा हसू आलं नाही. त्या बाईच्या डोक्यावरचं छप्परच जाणार होतं. आणि त्या मुलींची मैत्रीण शार्लट! सत्तावीस वर्षांची, देखणी नाही, पैसा नाही, म्हणून त्या कॉलिन्सला होकार देते. लेखिका तिला दोष देत नाही. तिने काय मिळवलं आणि त्यासाठी काय सोडलं, एवढंच दाखवते. त्या पाच जणींतली एलिझाबेथ मात्र आधी कॉलिन्सला आणि मग वर्षाला दहा हजार पौंड मिळणाऱ्या डार्सीलाही तोंडावर नकार देते. हे 1813 साली, पुस्तकावर लेखिकेचं नावही छापलेलं नसताना.

मी पुस्तक परत द्यायला आले तेव्हा तुम्ही प्रस्तावनेतलं एक पान उघडून दाखवलंत. ऑस्टिनलाही 1802 च्या डिसेंबरात, सत्तावीसाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, एका श्रीमंत घरातल्या तरुणाने मागणी घातली होती. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतला. तुम्ही ते पान मला कादंबरीच्या आधी दाखवलं नाहीत, नंतर दाखवलंत. आधी दाखवलं असतं तर तो सल्ला झाला असता, हे मला आज कळतं. मी चिपळूणला नकार कळवला. दोन वर्षांनी लग्न झालं ते दुकानासकट. आईला त्या नकाराचं कारण अजून नीट माहीत नाही. हे वाचून कळेल.

मग 2020. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या आणि वाचनालयाची कौलं उडून गेली. आमच्याकडे वीज यायला महिना लागला. फोन बंद, कोरोनाची भीती वेगळीच, आणि मी दिवसभर दुकानात गोळ्यांच्या अर्ध्या अर्ध्या पट्ट्या कापून सगळ्यांना पुरवत होते. तुम्ही ओली पुस्तकं टोपल्यांत भरून घरी नेलीत. माझ्याकडून कापसाचे रोल नेलेत, रद्दी नेलीत, पानापानांत कागद घातलेत. ऊन नव्हतंच, तेव्हा चुलीवरच्या माळ्यावर ती मांडलीत आणि दर दोन दिवसांनी उलटीपालटी केलीत. त्या पुस्तकांना आजही धुराचा वास येतो. नवीन सभासद नाक मुरडतात, पण मला तो वास आवडतो.

त्या महिन्यात मी वाचणं सोडलं होतं. दमून नुसती पडायचे. एका संध्याकाळी तुम्ही माळ्यावरून उतरवलेलं, अजून जरा दमट असलेलं अगाथा ख्रिस्तीचं ‘अँड देन देअर वेअर नन’ घेऊन आलात. बेटावर अडकलेली दहा माणसं, वादळ, मुख्य भूमीशी संपर्क तुटलेला. बाहेर आपली अवस्था तशीच आणि तुम्ही मला हे वाचायला देता! पण मेणबत्तीच्या उजेडात मी ते दोन रात्रींत संपवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला उद्याची काळजी न वाटता पुढच्या पानाची काळजी वाटली. लोक गुन्हेकथांना वेळ घालवायचं साधन म्हणतात. त्या दोन रात्री माझ्या दृष्टीने घालवलेल्या नव्हत्या, परत मिळालेल्या होत्या.

त्यानंतर मी तिच्या मिळतील तेवढ्या कादंबऱ्या वाचल्या आणि मला धंद्याचाही आनंद मिळाला. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होती, औषधं मापून देत होती. 1920 च्या तिच्या पहिल्या कादंबरीतलं विष इतकं शास्त्रशुद्ध होतं की औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने तिची वाखाणणी केली. ती युक्ती मी वाचली आणि पुस्तक मिटून कपाटातल्या बाटल्यांकडे बघत बसले. बरोबर आहे, असंच होईल! काय होतं ते इथे लिहीत नाही. तुमचा नियम.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी बरीच वर्षं भांडले. जादू, राक्षस, उडते घोडे मला नको होते. मोठ्या माणसांनी असलं काय वाचायचं? तुम्ही म्हणायचात की मराठी कादंबरी रांगायला लागली तीच अद्भुतातून. 1861 ची ‘मुक्तामाला’ बघ, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ बघ, नारायण धारपांची कुठलीही भयकथा रात्री एकटी वाचून दाखव. धारप वाचले, घाबरले, पण मन वळलं नाही. ते वळलं गेल्या हिवाळ्यात, तुमच्या डोळ्यामुळे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नवा चश्मा होईपर्यंत वाचायला मनाई केली. संध्याकाळचे थेंब घालायला मी यायचे. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं थांबायचं असतं. त्या पाच मिनिटांत तुम्ही बेचैन व्हायचात. तुमचा भाचा मागे ठेवून गेलेलं अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ उशाशी होतं. “हे तू वाच आणि मला मराठीत सांग,” असं तुम्ही म्हणालात. पाच मिनिटांचा तास व्हायला लागला.

1968 चं पुस्तक, पण समुद्र आपला. सगळं जगच बेटांचं, माणसं बहुतेक सावळी, आणि गेड नावाचा शेळ्या राखणारा पोरगा. त्या जगात ज्याचं खरं नाव ठाऊक त्याच्यावर ताबा, म्हणून कुणी खरं नाव सांगत नाही. तुम्ही लगेच म्हणालात, “आजी कधी आजोबांचं नाव घ्यायची? उखाण्यातच.” जादूगार मंत्राने शिडात वारा भरतो असं आलं तर तुम्ही विचारलंत, खारा की मतलई? मी पान उलटून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं. मग आपण दोघींनी बेटाचा किनारा कुठल्या बाजूला ते बघून ठरवलं. जी गोष्ट मी पोरकट समजत होते तिच्यातला तो मुलगा आपल्याच चुकीच्या सावलीपासून पळत होता, आणि मी रात्री घरी जाताना चालत चालत त्याचाच विचार करत होते.

आणि मग तो म्हातारा कोळी आला. मी पुढचं वाचून ठेवलेलं नव्हतं, खरंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला. गेडला त्याची होडी हवी असते. गेड त्याचे डोळे बरे करतो. म्हातारा होडी देतो आणि सांगतो, हिचं नाव आता दूर बघणारी असं ठेव आणि नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगव. त्या आंधळ्या लाकडातून माझे आभार तुझ्यासाठी बघत राहतील, खडकांपासून तुला जपतील. जगात किती उजेड आहे हे मी विसरलो होतो.

तुम्ही म्हणालात, “पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. दुसऱ्या थेंबांची वेळ केव्हाच टळून गेली होती.

नवा चश्मा आला त्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्राच्या आधी ते पुस्तक मागितलंत. ते पान शोधलंत आणि ओळीखाली बोट ठेवून ते इंग्रजी वाक्य स्वतः, एकेक शब्द, मोठ्याने वाचलंत.

काकू, मला होडी नाही. रंगवायला नाळ नाही. हे पत्र आहे.

‘अर्थसी’चा दुसरा भाग, ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’, परवा कुरियरने आला. दुकानात बिलबुकाखाली ठेवलाय, वरचं वेष्टनही फोडलेलं नाही. गुरुवारी दुपारी घेऊन येते. आता तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, तेव्हा या वेळी आधी तुम्ही वाचा. शेवट सांगू नका.

तुमची,
औषधाच्या दुकानातली